हाताच्या विद्येची निवड

घरांतील बंद पडलेला पंखा किंवा शिवणयंत्र उघडून बसणारें एखादें मूल पुष्कळ कुटुंबांत असतें. दहावीचा निकाल लागेपर्यंत त्या उद्योगाचें कौतुक होतें. निकाल लागतांच तोच उद्योग वडीलधाऱ्यांस चिंतेचा विषय वाटूं लागतो. 'एवढे गुण असतां पदविकेस कशाला पाठवावयाचें?' असें म्हणून अकरावी विज्ञान व पुढें अभियांत्रिकीची पदवी हा मार्ग घरांत ठरतो. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, त्यास मात्र कोणी विचारीत नाहीं.

कारागिरीस कमी लेखण्याची ही खोड आपण विद्येच्या नांवाखालीं पोसली आहे. पण आपल्या विद्येचा तिला आधार नाहीं. पाणिनीच्या व्याकरणांत 'ग्रामतक्ष' आणि 'कौटतक्ष' असे दोन सुतार आहेत. एक गांवाचें काम करणारा, दुसरा आपल्या कुटींत स्वतंत्र धंदा करणारा. ज्यांच्या नांवांसाठीं त्या महर्षीनें सूत्र रचिलें, त्यांच्या हत्यारांचा आपणांस संकोच वाटावा, हें नवल होय.

तथापि हाताची आवड आहे, एवढ्यावरूनच पदवीची शाखा निवडणें योग्य नव्हे. एकच पंखा दोन मुलें उघडतात. कंडेन्सर बदलून पंखा फिरूं लागला कीं पहिल्याचें समाधान होतें. दुसऱ्यास प्रश्न पडतो कीं, कंडेन्सरवांचून तो आपण होऊन कां फिरत नाहीं? दोन वेटोळ्यांतील प्रवाहांच्या कलांत अंतर पडल्याखेरीज चुंबकक्षेत्र फिरत नाहीं, हें गणितानें उलगडेपर्यंत त्यास चैन पडत नाहीं. या दुसऱ्यानें विद्युत् शाखेची पदवी अवश्य घ्यावी. पहिल्यास तीच पदवी जड जाईल. कारण तेथें आरंभापासून गणित व पदार्थविज्ञान यांचें राज्य, आणि कार्यशाळेचे तास थोडे. हुशार मुलें अशा ठिकाणीं खचलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. दोष बुद्धीचा नव्हता, निवडीचा होता.

पहिल्यासाठीं दहावीनंतर ३ वर्षांची पदविका आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटर, विजतंत्री यांचे २ वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. पदविकेनें पुढील दार बंद होतें, हा समज खोटा आहे. पदविका उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. हिशेब करून पाहावा: अकरावी-बारावीचीं २ आणि पदवीचीं ४ मिळून ६ वर्षें, पदविकेचीं ३ आणि पदवीचीं ३ मिळूनही ६ वर्षेंच. वर्ष एकही वायां जात नाहीं, आणि पदवीचें गणित समोर येतें तेव्हां तें कोणत्या यंत्राविषयीं बोलत आहे, हें हातांस आधींच ठाऊक असतें.

म्हणून पालकांस आमची एवढीच सूचना कीं, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, दोन गोष्टी दाखवाव्या: त्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाचें गणिताचें पुस्तक आणि तेथील कार्यशाळा. मूल कोठें अधिक वेळ रमतें, हें नीट पाहावें. आणि मग त्यानें मत सांगेपर्यंत आपण गप्प बसावें.