पॉइंटला किती?

‘इलेक्ट्रिशियन म्हणजे सगळे लुटारू हो!’ हे वाक्य आमच्या डोंबिवलीत आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. इंजिनियर, आयटीवाला, ऑफिसात टेस्टिंग झाल्याशिवाय कोडची एक ओळ पुढे सरकू न देणारा. आणि या महाशयांनी घरचं वायरिंग करून घेताना विचारलेला एकमेव प्रश्न असतो, ‘पॉइंटला किती घेणार?’

माझं म्हणणं सरळ आहे. लुटारू कोण ते नंतर बघू, पण खराब काम आपण रीतसर मागून घेतो.

आधी परिस्थिती बघा. डोंबिवली पूर्व काय किंवा मुलुंड काय, जुन्या बिल्डिंगी १९७०-८० च्या दशकांतल्या. तेव्हा घरात चार ट्यूबलाइट, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही आणि इस्त्री. वायरी त्याच हिशोबाने घातलेल्या, बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या, आणि अर्थिंग असलंच तर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं. आता त्याच घरात २००० वॅटचा गीझर, १६०० चा एसी, १२०० चा मायक्रोवेव्ह आणि १००० ची इस्त्री एकदम चालू करा. बेरीज ५८०० वॅट, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २५ अँपिअर. मधल्या काळात लोखंडी पाइप जाऊन प्लॅस्टिकचा आला, त्यामुळे अर्थिंगची वायर आता (शब्दशः) कुठेच जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘अरे, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, आता कशाला खर्च?’ काही बिल्डिंगी पंधरा पंधरा वर्षं रीडेव्हलपमेंटला ‘जातायत’. तेवढ्यात मुलं दहावी पास झाली, घरात दोन एसी आले. वायर तीच!

गेल्या वर्षी आमच्याकडे वायरिंग बदललं तेव्हा तीन जणांना बोलावलं होतं. दोघांनी पॉइंट मोजून दहा मिनिटांत आकडा सांगितला. तिसरा आधी खाली मीटर रूममध्ये गेला. मग वर येऊन कुठे काय लावणार, पुढे इंडक्शन घेणार का, आजीच्या बाथरूमचा गीझर किती वॅटचा, असं विचारत बसला. पहिल्याचा भाव ४८ हजार, तिसऱ्याचा ७१. शेजाऱ्यांचा निकाल तयार होता, ‘हा लुटतोय.’ आम्ही काम त्यालाच दिलं.

त्या जादा २३ हजारांत काय होतं? गीझर आणि एसीला स्वतंत्र ४ एमएमची वायर, प्रत्येक सॉकेटपर्यंत खरीखुरी अर्थ वायर, बिल्डिंगच्या खाली नवं अर्थिंग, आणि बोर्डात एक आरसीसीबी. ही शेवटची वस्तू लोकांना फालतू वाटते, कारण ‘एमसीबी आहेत ना!’ अहो, एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा दशांश अँपिअर दिसतसुद्धा नाही, आणि माणूस मरायला तेवढा पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरच्या फरकाला, सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. पण तो हॉलमध्ये दिसत नाही. दिसतात ती मॉड्युलर स्विचेस, फॉल्स सीलिंगमधले दिवे. तिथे आपण हात आखडत नाही.

पॉइंटच्या भावाचं गणित समजून घ्या. इलेक्ट्रिशियनला पैसे पॉइंटच्या संख्येचे मिळणार. मग त्याचा नफा कशात? अडीचच्या जागी दीडची वायर घालण्यात. भिंतीच्या आत जॉइंट मारण्यात. अर्थची वायर न ओढता सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देण्यात. सगळं व्यवस्थित चालतं, फ्रिज गार होतो. पण न्यूट्रल मागे कुठे तुटली, की फ्रिजच्या पत्र्यात करंट. आयटीआयमध्ये दोन वर्षं वीजतंत्रीचा कोर्स केलेल्या पोराला हे कळत नाही असं नाही. नीट करायचे पैसे त्याला कुणी देत नाही, आणि भिंत बुजवल्यावर तपासतही नाही. पाट्या टाकायला एवढं पुरतं.

कायदा? आहे की. २०१० च्या सुरक्षा नियमांत होतं, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं कुणीही करावं, त्यापलीकडचं वायरिंगचं काम मात्र परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं. आपल्यापैकी किती जणांनी परवाना दाखवा म्हटलंय? नेटवरून तीनशेचा चार्जर मागवताना आपण चाळीस रिव्ह्यू वाचतो! (ह. घ्या.)

‘परवान्याचं काय घेऊन बसलास, टेस्ट रिपोर्टवर घर न बघता सही मिळते.’ मान्य, मिळते. पण ती मागणारा कोण असतो? लोड वाढवून घ्यायची घाई असलेला ग्राहकच ना? आमच्या कंत्राटदाराने मेगर आणून प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन ५०० व्होल्टवर तपासलं, आकडे आम्हाला लिहून दिले. १ मेगाओहमच्या खाली एक जरी लाइन आली असती तर तो सप्लाय चालू करणार नव्हता. कुठल्या भिंतीतून कुठली वायर गेलीय त्याचा नकाशाही दिला. तो बघायला मजल्यावरचे तीन जण आले. तिघांनीही त्याला एकच विचारलं... पॉइंटला किती?

असो. पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा आहे. विषयपत्रिकेत बाहेरचा रंग दुसऱ्या क्रमांकावर आहे, गणपतीची वर्गणी तिसऱ्या. मीटर रूममधल्या जळक्या कटआउटांचा विषय अकराव्या क्रमांकावर, ‘वेळ मिळाल्यास’.