ऑर्डर दिसते, मग मजूर का दिसत नाही?

कापडधंद्यात सध्या 'डिजिटल' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. मालक संघटनांची शिबिरे असोत, मंत्र्यांची भाषणे असोत की सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या जाहिराती असोत, सगळीकडे एकच सूर लागलेला आहे. ऑर्डर संगणकावर घ्या, संगणकावर हलवा, संगणकावरच पुरी करा, म्हणजे धंदा तरेल. या सुराला विरोध करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आंबेडकरी चळवळ यंत्राची वैरी कधीच नव्हती. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्या गांधीवादाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात घेतला, तेव्हा दोष यंत्राचा नसून यंत्राची मालकी आणि त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी स्पष्ट बजावले होते. आजच्या संगणकालाही आम्ही तीच कसोटी लावणार. या पडद्यावर कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी हा कारभार चालतो कसा ते पाहू. परदेशातला किंवा देशातला एखादा ब्रँड ऑर्डर काढतो. तीत कपड्याचा नमुना असतो, रंग असतो, मापे असतात, नगांची संख्या असते, दर असतो आणि माल जहाजावर चढवण्याची तारीख असते. ही ऑर्डर तिरुपूरच्या, बंगळूरच्या, मुंबईच्या वा ढाक्याच्या निर्यातदाराकडे येते. तो ती फोडतो. सूत एकाकडून, विणाई दुसऱ्याकडून, रंगाई तिसऱ्याकडून, कटिंग आणि शिलाई आपल्याकडे किंवा चौथ्याकडे, काजे-बटन आणि धागे कापणे पाचव्याकडे. पूर्वी हा सगळा मामला दिवाणजीच्या वहीत, फॅक्सवर आणि टेलिफोनवर चाले. अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. रंगाची छटा चुकली की ताग्याचे तागे वाया जातात. एका टोकाला कापड पडून राहते, दुसऱ्या टोकाला शिलाईची लाईन रिकामी बसते, आणि मग तारीख गाठण्यासाठी रात्रपाळ्या लागतात.

नव्या पद्धतीत प्रत्येक ऑर्डरीला क्रमांक, कापलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला बारकोड. गठ्ठा या टेबलावरून त्या टेबलावर गेला की संगणकात नोंद होते. लंडनमधला अधिकारी आपल्या खुर्चीत बसून पाहू शकतो की आपले दहा हजार शर्ट कटिंगमध्ये आहेत की इस्त्रीत. यात नासाडी कमी होते, चुका लवकर सापडतात, आणि नियोजन नीट झाले तर शेवटच्या आठवड्यातली जनावरासारखी धावपळही कमी होऊ शकते. होऊ शकते, असे आम्ही म्हणतो. होतेच असे नाही. कारण तोच बारकोड कोणत्या बाईने तासाला किती नग काढले तेही सांगतो, आणि उद्याचे टार्गेट त्यावरूनच चढते. लघवीला गेलेली पाच मिनिटेही पडद्यावर उमटतात. पाच महिन्यांची थकलेली मजुरी मात्र उमटत नाही.

आता ही दृष्टी कुठे जाऊन थांबते ते पाहा. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात यंत्रमागाचा मोठा भाग मजुरीकामावर चालतो. व्यापारी सूत देतो, बीम देतो. खर्चीवाला आपल्या मागांवर ते विणून देतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. मागावरच्या कामगाराला पिकाच्या हिशेबाने पैसे मिळतात. कांडी भरणारी बाई, वहिफणी करणारा, घडी घालणारा, प्रत्येकाचा दर वेगळा आणि बहुतेकांची नोंद कुठेच नाही. निर्यातदाराच्या संगणकात या सगळ्या माणसांच्या जागी एकच ओळ असते: 'जॉबवर्क'. शहरातल्या वस्त्यांमध्ये आमच्या आया-बहिणी घरात बसून नगावर काजे करतात, बटणे लावतात, धागे कापतात, टिकल्या शिवतात. त्या तर 'जॉबवर्क'च्याही खाली आहेत. ठेकेदार टेम्पोतून गठ्ठा टाकून जातो, चार दिवसांनी उचलून नेतो. गठ्ठ्याला क्रमांक आहे, बाईला नाही. घरून काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ साली झाला. भारत सरकारने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

सरकारच्याच पडद्याकडे पाहा. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या कापडाची गाठ निघाली की ती कोणाकडून कोणाकडे, कोणत्या गाडीत चालली, हे सरकारला कळते. दुसरीकडे २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि त्यावर ३० कोटींहून अधिक माणसांची नावे चढली. आता गंमत अशी, की या दोन नोंदींची कुठेही गाठ पडत नाही. गाठ कोणाच्या गाडीत आहे हे ठाऊक, मजुराचे नाव ठाऊक. पण ही गाठ या मजुराने विणली आणि त्याला तिचे पैसे मिळाले का, हे मात्र कोणत्याच संगणकाला ठाऊक नाही. कर बुडू नये म्हणून साखळीची कडी न् कडी जोडली गेली. मजुरी बुडू नये म्हणून ती जोडावी असे कोणाला सुचले नाही, की सुचू दिले गेले नाही?

'इतक्या खोलवर शोध घेणे शक्य नसते हो,' असे मालकवर्ग सांगतो. हे खोटे आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या श्रमाचा कापूस आपल्या बाजारात येऊ नये म्हणून अमेरिकेने केलेला कायदा जून २०२२ पासून अंमलात आला. माल तिथला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर आली, आणि जे ब्रँड 'आम्हाला फक्त शिलाईचा कारखाना माहीत असतो' म्हणत होते, तेच कापूस कोणत्या भागातला याचे कागद गोळा करू लागले. आपल्याकडेही 'कस्तुरी कॉटन भारत' या नावाने कापसाच्या गाठीला क्यूआर कोड लावून तिचा माग ठेवण्याची योजना आलेली आहे. म्हणजे कापसाचा माग काढता येतो. माणसाचाच तेवढा निघत नाही.

माग न ठेवण्याची किंमत काय असते, हे बांगलादेशाने दाखवले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार गाडले गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी ऑर्डरीच्या तारखा गाठायच्या म्हणून कामगारांना आत पाठवले गेले. नंतर नुकसानभरपाई कोण देणार, हा प्रश्न आला तेव्हा काही ब्रँडनी आमचा माल तिथे शिवला जातच नव्हता म्हणून हात वर केले. कार्यकर्त्यांना ढिगारा उपसून कपड्यांची लेबले आणि ऑर्डरीचे कागद शोधावे लागले. प्रेतांच्या शेजारी सापडलेल्या लेबलांनी ब्रँडची तोंडे उघडली. ऑर्डरीची उघडी, खरी नोंद हे मजुराच्या दृष्टीने केवढे मोठे हत्यार आहे, ते इथे कळते. त्यानंतरच्या दबावातून अनेक ब्रँड आपल्या कारखान्यांच्या याद्या जाहीर करू लागले. पण त्या याद्या बहुधा पहिल्या पायरीवर संपतात, आणि आपली माणसे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तीच साखळी उलटी फिरली. ब्रँडनी तयार झालेल्या आणि अर्धवट शिवलेल्या मालाच्या ऑर्डरी धडाधड रद्द केल्या. एकट्या बांगलादेशात सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डरी रद्द झाल्या वा थांबवल्या गेल्या, असे तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेने सांगितले. कापड विकत घेतलेले होते, शिलाई झालेली होती; पण ब्रँडचे पैसे माल जहाजावर चढल्यावर मिळतात, म्हणून सगळा तोटा खाली सरकला आणि सरकत सरकत शिलाई मशीनपाशी येऊन थांबला. ऑर्डर रद्द करण्याचे बटण वरच्याच्या हातात आणि त्याचे परिणाम खालच्याच्या ताटात, अशी ही रचना आहे. जातीची उतरंड पाहिलेल्या माणसाला तिची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

जातीचा उल्लेख आला म्हणून जुन्या गोष्टीकडे वळतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, शिरकाव नव्हता. मजुरी जास्त ती याच खात्यात. कारण काय दिले जाई? धोट्यात नवी कांडी घातली की तुटलेला धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्णाने कसा तोंडाला लावायचा! १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या संप पुढाऱ्यांना त्यांनी विचारले, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसांना सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी का नाही? दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते हा अनुभव गाठीशी असताना.

आज अनेक ठिकाणी धोटाच राहिलेला नाही. रेपियर आणि एअरजेट मागांवर कोणाला तोंड लावावे लागत नाही. यंत्राने सबब काढून घेतली. म्हणून जात गेली काय? तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली' नावाने लग्नाच्या पैशांचे आमिष दाखवून मुलींना वर्षानुवर्षे वसतिगृहात कोंडून राबवून घेतले गेले. त्या मुली बहुसंख्येने दलित आणि गरीब घरांतल्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगल जिल्ह्यात निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका दलित तरुणीचा खून झाला आणि तिचा मुकादमच आरोपी निघाला. ज्या कारखान्यातल्या शर्टाचा टाका न् टाका पडद्यावर दिसत होता, तिथे बायकांचा छळ मात्र दिसत नव्हता.

पण याच दिंडीगलने वाटही दाखवली, आणि या लेखाचे प्रयोजन खरे तर तेच आहे. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तिथल्या कामगार संघटनेने लढा दिला, आशियातल्या व अमेरिकेतल्या कामगार संघटनांना सोबत घेतले, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदार व एच अँड एम या ब्रँडला कायद्याने बांधील असलेल्या करारावर आणले. लिंगाच्या आणि जातीच्या आधारे होणाऱ्या छळाला त्या करारात नाव घेऊन बंदी घातली गेली. शॉपफ्लोअरवर संघटनेने शिकवून तयार केलेल्या कामगार स्त्रिया लक्ष ठेवू लागल्या. कराराचा गाभा असा, की कारखानदाराने तो मोडला तर ब्रँडने त्याचे परिणाम ऑर्डरींवर दाखवायचे. आजवर ऑर्डर कापण्याची धमकी मालक मजुराला देत आला. इथे मजुराने ती मालकाच्या समोर ठेवली.

लहान धंदेवाल्यांच्या बाबतीत कायद्याने असेच काही केले आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने ही मुदत मोडणाऱ्याची आयकरातली वजावट अडवली, तेव्हा कापड व्यापाऱ्यांनीच केवढी ओरड केली! उधारीवर चालणाऱ्या बाजाराला तारीख नको असते. आमचा खर्चीवाल्याला मुदतीत पैसे मिळण्याला पाठिंबाच आहे. मात्र त्याला ४५ दिवसांचे संरक्षण मिळाले, तर त्याच्या मागावरच्या मजुराचा आणि कांडीवालीचा दिवस कोणता, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे मोघम नाही. ऑर्डर ज्या ज्या हातात जाईल, त्या प्रत्येक हाताची नोंद त्याच ऑर्डर-क्रमांकाखाली झाली पाहिजे. घरी नेलेला गठ्ठाही त्यातून सुटता कामा नये. नगाचा दर आणि मजुरी चुकती केल्याची तारीख तिथे लिहिलेली असली पाहिजे. ब्रँडने तारीख अलीकडे ओढली किंवा नमुना बदलला तर जादा कामाचा खर्च कोणाच्या खात्यावर, हे संगणकाने आपोआप दाखवावे. तेवढी अक्कल त्याला नक्की आहे. आणि ही नोंद पाहण्याचा हक्क संघटनेला असावा. संघटनेला हक्क नसेल तर हीच नोंद मजुरावर पाळत ठेवायला वापरली जाईल, आणि तक्रार करणाऱ्या बाईचे नाव एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात पोहोचायला बारकोडइतकाही वेळ लागणार नाही. जातीची तक्रार तर मालकाच्या संगणकात जाताच कामा नये, ती संघटनेच्या हाती राहिली पाहिजे.

हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत आता आपलीही मुले-मुली आहेत. शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेली, हिंजवडीत आणि बंगळूरला नोकरी करणारी. कुणाचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, कुणाचे परळ-लालबागच्या गिरणीत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ती वर्गणी देतात, स्टॉल लावतात, हे चांगलेच आहे. त्यांनी यंदा एक काम आणखी करावे. आपल्या शहरातल्या शिलाई कामगारांच्या किंवा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेकडे जावे, ऑर्डरीची नोंद कशी असते, जॉबवर्कच्या ओळीखाली काय दडवले जाते आणि ते कसे उघडे करता येते, हे तिथल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगावे. पुढच्या मजुरीवाढीच्या बोलणीला कामगारांचे प्रतिनिधी बसतील, तेव्हा त्यांच्या हातात गेल्या वर्षभरातल्या ऑर्डरींचा हिशेब असला पाहिजे.