पाटे, शॉकअप आणि पाठीचा कणा

आमच्या हिंगणीत नवी पिकअप आली की ती सरळ घरी येत नाही. आधी मारुतीच्या देवळापुढे नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाटेवाल्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहते. मागच्या कमानीत दोन पाटे वाढवायचे, कंपनीचे शॉकअप काढून ‘हेवी’ शॉकअप बसवायचे आणि मग हौद्यात चढून दोन उड्या मारून पाहायच्या. गाडी हलली नाही की मालक खूश. ‘आता टाका किती टाकायचं ते!’ मीही हेच केले होते. त्यात माझे काय चुकले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, ते सांगायचे आहे.

हिंगणी हे सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा आम्हीही हौसेने जाऊन पाहिला. काचेवर पाण्याचा थेंब ठेवला तर सांडणार नाही, असा रस्ता. पण शेतमाल महामार्गावर पिकत नाही. तो पिकतो पांदणीच्या टोकाला. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि तिच्यावर केलेला रस्ताही तिच्याबरोबर फुगतो, फाटतो. त्यावर मुरूम टाकला तरी दोन पावसाळ्यांत चाकोऱ्या हातभर खोल होतात. गाडीची खरी परीक्षा होते ती इथे, धरणाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर नव्हे.

जुन्या लोकांजवळ या वाटेसाठी बंडी होती. बंडीला ना पाटे ना शॉकअप. पण तिच्यात बाळंतीण बसवायची झाली तर खाली गवताचा जाड थर, त्यावर वाकळ आणि हाकणाऱ्याला ताकीद, की बैलाला पळवायचे नाही. आमच्या जिल्ह्याचे गवळाऊ बैल पळण्यासाठी नावाजलेले, तरीही. जमनालालजी बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले जात आणि त्या वाहनाला गमतीने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, अशी आठवण वर्ध्याकडे सांगितली जाते. मला त्यातला विनोद आवडतोच, पण त्याहून आवडते ती त्यातली सोय. इंजिन नसले तरी मोटारीच्या सांगाड्याला पाटे होते आणि चाकात हवा होती. बैल तेच, वाट तीच, पण बसणाऱ्याच्या हाडांना केवढा फरक पडला असेल!

आता थोडे यंत्राविषयी. आपल्यापैकी पुष्कळांचा समज असा, की शॉकअप गाडीचे वजन उचलतो. तो वजन उचलत नाही. वजन पेलतात ते पाटे. खड्डा आला की पाटे दबतात, उसळतात, पुन्हा दबतात आणि मोकळे सोडले तर झोपाळ्यासारखे हलत राहतात. शॉकअपचे काम हा झोपाळा थांबवण्याचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे. दट्ट्या हलला की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, त्यात उसळीची ताकद जिरते आणि तिची उष्णता होते. म्हणून खराब वाटेवरून आल्यावर चालू शॉकअप हाताला गरम लागतो आणि मेलेला शॉकअप थंड राहतो. हात जरा जपून लावावा, एवढेच.

तेलाची अडवणूकही दोन प्रकारची असते. दबताना एक, सुटताना दुसरी. चांगल्या शॉकअपमध्ये दबताना अडवणूक कमी आणि सुटताना जास्त असते. चाक दगडावर चढताना त्याला पटकन वर जाऊ द्यायचे आणि दबलेला पाटा उलटा फेकू लागला की त्याला धरून ठेवायचे, हा त्यामागचा हिशेब. दबतानाच दगडासारखा असलेला शॉकअप आपल्याला ‘मजबूत’ वाटतो, पण तो रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर पाठवत असतो.

माझ्या गाडीत हेच झाले होते. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती. शेतावर जायला दुसरे वाहन नाही, म्हणून वेचणीच्या बाया हौद्यात बसून येत. मालगाडीत माणसे बसवू नयेत हा कायदा मला ठाऊक होता. सगळेच बसवतात, हेही ठाऊक होते. एका सकाळी नाल्याच्या उताराला मागचे चाक चाकोरीत उतरून बाहेर आले आणि हौदा उसळला. फाळक्याला टेकून एक वयस्क बाई बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या वितभर उडाल्या आणि खाली पत्र्यावर आदळल्या. दवाखान्यात फोटो काढला तेव्हा पाठीचा एक मणका दबलेला निघाला. त्यांचा तो सगळा हंगाम बुडाला. खर्च मी केला, मजुरीही दिली, पण मी भेटायला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “गाडीनं फेकलं जी मले.” गाडीने. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

त्यानंतर मी गाडी गावातल्या मिस्त्रीकडे नेली. हा पोरगा फारसा शिकलेला नाही, पण त्याने आधी टेप काढला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्याने गाडी रिकामी असताना मोजले, मग टमाट्याचे क्रेट भरून मोजले. गाडीखाली सरपटत जाऊन बाहेर आला आणि म्हणाला, “काकाजी, पाटे वाढवून तुम्ही गाडी उचलली, पण शॉकअप तेवढ्याच लांबीचा ठेवला ना जी. रिकाम्या गाडीत तो आधीच ताणून उभा हाय. चाक खाली लटकलं का तो खटकन संपते.” मला एकदम उलगडा झाला. चाकाला चाकोरीत उतरायला जागाच उरली नव्हती. ते हौद्याला खाली खेचत होते आणि लगेच कडक पाटा त्याच हौद्याला वर फेकत होता. त्यात फाळक्याजवळची जागा मागच्या आसाच्याही मागे. सगळ्यात मोठी उसळी तिथेच बसते.

शॉकअप निवडताना दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणत्या कंपनीचा देऊ?’ नावे जुनी आणि चांगली आहेत. गॅब्रिएल हे नाव तर मुळात एका अमेरिकन भोंग्याचे. मोटारीचा भोंगा बनवणाऱ्या क्लॉड फॉस्टर यांनीच पुढे धक्के जिरवणारे साधन काढले. भारतात ही कंपनी १९६१ पासून आहे. पण नावाआधी विचारायचे ते दुसरेच. गाडीवर रोज किती वजन असते? वर्षातून चार दिवस किती असते ते नव्हे, रोज. चाक पूर्ण वर गेले, म्हणजे रबरी ठोकळ्याला टेकले, तरी शॉकअप आतल्या आत आपटता कामा नये आणि चाक पूर्ण लटकले तरी तो ताणून संपता कामा नये. ही दोन्ही मापे घेतल्याशिवाय विकत घेतलेला शॉकअप म्हणजे पायाचे माप न देता शिवून घेतलेली वहाण.

दुसरा प्रश्न नळीचा. एकेरी नळीचे गॅसचे शॉकअप लवकर थंड होतात, तेलाला फेस येऊ देत नाहीत आणि लांबच्या खडबडीत प्रवासाला उत्तम, हे खरे. पण त्यांचा दट्ट्या बाहेरच्या नळीतच फिरतो. पांदणीतला एखादा दगड उडून नळीला पोचा पडला की काम संपले. दुहेरी नळीत बाहेर पोचा पडला तरी आतली नळी बहुधा शाबूत राहते. म्हणून आमच्या वाटेला दुहेरी नळीचा, हलका गॅस भरलेला शॉकअप बरा, असे माझे मत आहे. शहरातली हौशी मंडळी बाजूला वेगळी टाकी असलेले महागडे शॉकअप लावतात. त्यांनी खुशाल लावावेत. टमाटे त्यावाचून पोचतात.

मिस्त्रीने वाढवलेले दोन्ही पाटे काढले. उरलेल्यांचा गंज घासला आणि मधे वंगण भरले, कारण गंजलेले पाटे एकमेकांना चिकटून बसतात आणि लहान खड्ड्याला वाकतच नाहीत. मग त्याने बुश बदलले आणि मोजून आणलेले शॉकअप चढवले. मागच्या शॉकअपला घुंडी आहे. ती आम्ही एक-एक घर फिरवून रोज त्याच पांदणीतून, तेवढेच क्रेट घेऊन गेलो आणि मी वहीत लिहीत राहिलो. घुंडी सैल असताना खड्ड्यानंतर गाडी तीन-चारदा डुलायची. फार आवळली तेव्हा वेगळीच गंमत. लागोपाठच्या खड्ड्यांत दबलेला पाटा वर यायच्या आत पुढचा खड्डा यायचा, गाडी बसत बसत शेवटी ठोकळ्यावर आपटायची. मधल्या एका घरावर ती एकदा दबून, एकदा वर येऊन शांत व्हायला लागली. तिथे घुंडी ठेवली. टायरची हवाही कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला वेगवेगळी. हे फुकटचे काम, पण सर्वांत जास्त टाळले जाणारे.

चालण्याच्या लयीतले, सेकंदाला एक-दीड झोके माणसाच्या शरीराला मानवतात. सेकंदाला चार ते आठ हादरे बसू लागले की पाठ आणि पोट तक्रार करतात. बोरच्या जंगलात जिप्सीतून वाघ पाहायला येणारे नागपूरकर दोन फेऱ्यांनंतर कंबर धरून उतरतात, त्यांना हे सांगायला नको. जिप्सीला चारही चाकांना पाटेच. पण पाहुण्यांचा तो दोन दिवसांचा त्रास. वेचणीच्या बाया हंगामभर रोज दोनदा ये-जा करतात.

‘मऊ पाट्यांवर माल कमी जातो, मग परवडायचे कसे?’ असे मला गावातच विचारतात. माल कमी जातो, हे खरे. एका खेपेच्या जागी कधी दीड खेप होते. पण खालच्या थराचे टमाटे दबत नाहीत आणि मागचे टायर खवल्यांसारखे झिजत नाहीत. माझ्या वहीत तरी हिशेब बरोबरीत सुटला आहे. ज्यांच्या वहीत सुटणार नाही, त्यांनाही मी हेच सांगतो, कारण त्या वहीत मणक्याचा रकाना नसतो.

बायांना आता हौद्यात बसवत नाही. हंगामात टोळीसाठी ऑटो ठरवतो. मजुरीवर तेवढा बोजा पडतो आणि तो मीच सोसावा हे रास्त आहे. मावशी गेल्या हंगामापासून पुन्हा येतात, पण वाकून वेचणे त्यांना जमत नाही. धुऱ्यावर बसून कापसातली पाचोळ्याची कस्तर काढतात.

काढलेले दोन पाटे बरेच दिवस गोठ्यात पडून होते. पाट्याचे पोलाद चांगले, म्हणून लोहाराने एकाचे विळे करून दिले. दुसरा अजून आहे, कोणाला हवा असेल तर घेऊन जावा.