स्वस्तातला स्टॅबिलायझर

मंडळी, आमच्या जालन्यात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या पोरांच्या हातात हल्ली स्वस्तातले स्टॅबिलायझर दिसतात. माझं त्या वस्तूशी भांडण आहे!

गॅरेट ब्राऊनने १९७५ साली आणलेल्या स्टेडीकॅमची युक्ती साधी आहे. कॅमेरा वर, वजनं खाली, गुरुत्वमध्याच्या किंचित वर सहज फिरणारा सांधा. आणि सगळा भार अंगावरचं जाकीट व स्प्रिंगचा दांडा पेलतो. स्वस्त नकलेत ना जाकीट, ना स्प्रिंग. ओझं सगळं एका मनगटावर! त्यात बेअरिंग ढिलं, म्हणजे नवरी मांडवात येताना चित्र घड्याळाच्या लंबकासारखं झुलणार. मोटरवाला घ्या, तर जड लेन्स लावली की मोटर थरथरते आणि ती थरथर चित्रात उतरते. पोलादाच्या गावात हे सांगावं लागावं? घर बांधताना सळईचा ग्रेड विचारतोच ना आपण?

"पैसे वाचतात" म्हणे. कुणाचे? अक्षता काही दुसऱ्यांदा पडत नाहीत. "नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करू" म्हणाल, तर त्यात चौकटीच्या कडा कापल्या जातात. कडेला उभी असलेली आजी सगळ्यात आधी जाते. पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही.

त्यापेक्षा भक्कम ट्रायपॉड घ्या. चालता शॉट हवाच, तर चांगला रिग दोन दिवस भाड्याने आणा. आणि वधूपित्यांनो, जेवणावळीत हात सैल सोडता, मग शूटिंगवाल्याशीच घासाघीस का?