मांजराचा लिटर बॉक्स आणि जयणा

दुकान सांभाळणाऱ्या घरात मांजराचा लिटर बॉक्स साफ करण्याचे काम बहुधा सुनेकडे येते. गर्भवतीने तर ते करूच नये. विष्ठेतील परजीवी गर्भाला बाधतात. म्हणून स्वयंचलित बॉक्सचा विचार होतो, आणि तो वावगा नाही. मांजर बाहेर पडल्यावर यंत्र फिरते व ओल्या मातीची ढेकळे खालच्या कप्प्यात पडतात. मात्र आत हालचाल होताच ते थांबते का, हे किमतीआधी पाहावे. वजनावर चालणाऱ्या यंत्राला लहान पिल्लू जाणवेलच असे नाही. ते मोठे होईतो यंत्र बंद ठेवणे हीच जयणा. जुना बॉक्सही लगेच हलवू नये.

हाताने साफ करणाऱ्यास ढेकळांचा रोजमेळ आपोआप कळतो. यंत्र तो झाकते. बोका वारंवार बॉक्समध्ये बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, तेव्हा घरचे बद्धकोष्ठ समजून थांबतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग अडलेला असू शकतो, आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. बोक्याने बाहेर घाण केली, तरी रागावण्याआधी हीच शंका घ्यावी. यंत्र कितीही महाग असो, कप्पा रोज उघडून पाहावा.