दुसऱ्या स्टेपनीचा आग्रह धरा

मे महिन्याच्या सुटीसाठी नामिबियाच्या सेल्फ-ड्राइव्ह सहली आखणाऱ्या सहल-संयोजकांना या अंकात एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या पाहुण्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या हाताने गाडीचे चाक बदलले आहे? आपल्याकडच्या महामार्गांवर ती वेळ सहसा येत नाही. ढाब्याशेजारी किंवा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला असतोच. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यालाही आपल्या गाडीचा जॅक कुठे ठेवला आहे ते आठवावे लागते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पण तोच माणूस कुटुंबाला घेऊन सेसरिमहून सोलिटेअरला निघतो, तेव्हा मधल्या सुमारे ८० किलोमीटरमध्ये त्याला एकही पंक्चरवाला भेटणार नाही. मोबाइलला रेंज मिळेलच असेही नाही. म्हणून तिथे पंक्चर होणार असे गृहीत धरूनच सहल आखली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिथले ‘बी’ क्रमांकाचे मुख्य रस्ते डांबरी आणि उत्तम आहेत. ‘सी’ आणि ‘डी’ क्रमांकाचे रस्ते मात्र बहुतेक खडीचे, आणि सोसुसव्लेई, पामवाग अशी जी ठिकाणे आपण विकतो ती याच रस्त्यांवर आहेत. रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरला की मोकळी, धारदार खडी कडेला साचते. समोरून गाडी आली म्हणून चाक त्या कडेवर घातले की टायरची बाजूची भिंत चिरते. तळाला खिळा घुसला तर ट्यूबलेस टायरला रबरी पट्टी भरून काम भागते. भिंत चिरली तर टायर बदलण्यावाचून इलाज नाही. त्यामुळे एक स्टेपनी पुरत नाही. पहिली लागली की पुढचा सगळा प्रवास स्टेपनीविना होतो. दोन स्टेपन्या देणाऱ्या कंपन्या तिथे आहेत. भाडे थोडे जास्त पडले तरी त्यांच्याकडूनच गाडी घ्यावी.

हवेच्या दाबाबद्दल पाहुण्यांशी सविस्तर बोलायला हवे. भरपूर हवा म्हणजे टायर सुरक्षित, हा समज खडीवर चालत नाही. फार टणक टायर धारदार दगडावर दबत नाही, कापला जातो. उलट कमी हवेचा टायर डांबरावर वेगाने पळवला तर भिंत तापून फाटते. गाडी ताब्यात घेतानाच कंपनीकडून डांबर, खडी आणि वाळू असे तिन्हींसाठीचे आकडे लिहून घ्यावेत. आकडे बारमध्ये मिळतील आणि आपल्या माणसाला सवय पीएसआयची; २ बार म्हणजे सुमारे २९ पीएसआय, एवढे त्याच कागदावर लिहून द्या. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजायचा.

दाब मोजायचे मीटर आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. पंक्चर काढायचे किटही हवे, पण त्यातले रबर सोल्यूशन ज्वलनशील असल्याने विमानात नेता येत नाही. टायरमध्ये फवारायच्या दाबाच्या डब्यांचेही तेच. हे सामान विंडहुकला उतरल्यावर घ्यावे. टोकदार अवजारे केबिन बॅगेत ठेवू देऊ नका.

विम्याच्या कागदावर ‘संपूर्ण संरक्षण’ असे छापलेले असले तरी टायर, काच आणि गाडीचा तळ बहुधा त्यातून वगळलेला असतो. ते कलम पाहुण्याला पैसे भरण्याआधी मराठीत समजावून सांगणे हे संयोजकाचे काम आहे. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवायला अनेक कंपन्यांची मनाई असते, कारण रस्त्यावर कुडूसारखी मोठी जनावरे येतात. मे-जूनमध्ये तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आता आपले कार्यक्रमपत्रक पाहा. सेसरिम ते स्वाकोपमुंड हे सुमारे ३५० किलोमीटर, पुष्कळसे खडीचे अंतर, सकाळचे सोसुसव्लेई उरकून दुपारी सुरू करायला लावले, तर एका पंक्चरने पाहुणे अंधारात अडकतात आणि विम्याचा आधारही जाऊ शकतो. खडीच्या दिवशी दुसरे काही ठेवू नका. सकाळी निघावे, दुपारी पोहोचावे. मध्ये दोन तास मोकळे असावेत. सोलिटेअरला पंप आहे, पंक्चरही काढून मिळते; फाटलेले चाक घेऊन तिथून पुढे निघण्यात शहाणपण नाही.

युरोपातल्या सेल्फ-ड्राइव्ह सहलींत अडचण निराळी आहे. तिथल्या बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. सीलंटची बाटली आणि छोटा पंप असतो. ते द्रव लहान भोकालाच चालते, आणि त्यानंतर हळू चालवत जवळचे गॅरेज गाठायचे असते. फ्रान्समध्ये गाडीत चमकदार जॅकेट आणि त्रिकोण ठेवणे बंधनकारक आहे, आणि तिथल्या मोटरवेवर आपल्या पसंतीचा मेकॅनिक बोलावता येत नाही. कडेच्या केशरी फोनवरून मान्यताप्राप्त सेवाच बोलवावी लागते.

शेवटी सरावाबद्दल. व्हिसाच्या कागदांसाठी पाहुणे कार्यालयात येतातच. त्याच दिवशी आवारात गाडी उभी करून प्रत्येक चालकाकडून, आणि सोबतच्या एका व्यक्तीकडूनही, चाक बदलून घ्या. हँडब्रेक, दुसऱ्या चाकाला दगडाची अटक, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करणे, मगच जॅक, बसवताना समोरासमोरचे नट आवळणे आणि काही किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासणे, एवढे हाताला आले पाहिजे. वाळूत जॅक रुततो, तेव्हा त्याखाली फळी लागते. पिकअपची स्टेपनी तळाशी साखळीला टांगलेली असते. ती खाली सोडायचा दांडा गाडीत आहे ना, हे गाडी घेतानाच पाहायचे. असा सराव घेतल्याशिवाय खडीच्या रस्त्यांची सेल्फ-ड्राइव्ह सहल विकू नये, अशी आमची सर्व संयोजकांना विनंती आहे.