नैराश्य म्हणजे श्रद्धेचा दुबळेपणा नव्हे

‘फादर, हल्ली प्रार्थनेत मन रमत नाही.’ हे वाक्य प्रत्येक धर्मगुरूच्या परिचयाचे आहे. पुष्कळदा त्यामागे साधा आध्यात्मिक कोरडेपणा असतो. परंतु त्या व्यक्तीला भल्या पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तिची अन्नावरची वासना उडाली असेल, आवडीच्या कामातही गोडी वाटत नसेल, ‘मी सर्वांना भार झालो आहे’ असे ती म्हणत असेल आणि ही अवस्था दोन आठवडे टिकली असेल, तर हा नैराश्याचा आजार असू शकतो.

हा आजार वेश पालटूनही येतो. वृद्धांमध्ये तो अंगदुखी वा विसरभोळेपणा म्हणून, पुरुषांमध्ये संताप वा मद्यपान म्हणून, तर तरुणांमध्ये चिडचिड म्हणून दिसतो. घरची माणसे त्याला वय, व्यसन किंवा आळस असे नाव देतात. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्य आल्याचे आढळले. नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांपासून वंचित होते.

कायद्याची दृष्टी मात्र पालटली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गृहीत धरले आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरलेले नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद नाही. नियम बदलले, आपली कुजबुज तेवढी बदललेली नाही. ‘लोक काय म्हणतील?’ या धाकाने कितीतरी कुटुंबे डॉक्टरांची पायरी चढत नाहीत.

एलिया संदेष्टा झुडुपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले आणि पुढची वाट लांबची आहे, एवढेच सांगितले. आपणही प्रथम ऐकून घ्यावे. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

मग डॉक्टरांकडे न्यावे, शक्यतो स्वतः सोबत जावे. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; ती मध्येच बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठीतही बोलता येते.

प्रार्थना अवश्य करावी. पण मधुमेही माणसाला आपण इन्सुलिन सोडून केवळ रोझरी म्हणायला सांगत नाही. मनाच्या रुग्णालाही तोच न्याय लागू आहे.